चकव्याला गुदगुल्या करता येत नाहीत

"मॅडम, चकव्यातल्या माणसाने गुदगुल्या केल्या तर होतात का?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न आमच्या अख्ख्या खो-खो टीमचा होता आणि त्यामागचं डोकं आफरीन पठाणचं. आफरीन माझी पाचवीपासूनची जोडीदार. तिने सगळ्यांसमोर पैज लावली होती की केतकी शिंगटे माइकवर हे विचारणारच नाही, आणि विचारलं तर मैदानावर पाणी मारायची माझी पाळी वर्षभर ती घेईल. आमच्या भूम गावच्या उन्हात मैदानावर पाणी मारणं काय असतं ते ज्याने मारलंय त्यालाच कळेल. मी विचारलं.

नववीतली मी असते तर विचारलं नसतं. नववीत मी "हजर" इतकं हळू म्हणायचे की वर्गात बसून माझी गैरहजेरी लागायची. पण खो-खोत "खो" मोठ्याने दिला नाही तर पंच फाउल धरतात. टीमला सारखे फाउल नकोत म्हणून मी ओरडायला शिकले, आणि एकदा ओरडता येतंय म्हटल्यावर मग थांबायचं कशाला, असं झालं.

हॉल हसला. मागच्या पोरांनी बाकं वाजवली. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले, बहुधा उघडल्यावर मी दिसू नये म्हणून. स्टेजवर डॉ. मृणाल कुलथे होत्या, चकवापट्टी ज्यांनी बनवली त्या. त्या एकट्याच हसल्या नाहीत. त्यांनी माइक खाली केला, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माहीत नाही. इकडे ये."

चकवापट्टी म्हणजे कपाळाला बांधायची काळी पट्टी, निंजा बांधतात तशीच. आमच्या पिढीने निंजांची कार्टून्स बघतच दूधभात खाल्लाय. त्यात शत्रू भ्रम टाकतो, आपला निंजा फसतो, मग बोटं जुळवून अंगातली शक्ती थांबवतो, नाहीतर स्वतःलाच सुरी टोचून घेतो, नाहीतर मित्र खांद्यावर हात ठेवतो आणि भ्रम फुटतो. ते सगळं आता खरोखर खेळता येणार होतं. त्याचीच चकवा लीग निघाली होती आणि मॅडम ती शाळाशाळांतून समजावत फिरत होत्या.

त्यांनी मला पट्टी बांधली आणि टॅबवर 'माणूस' हा शब्द निवडला. समोर धुरातून एक निंजा आला. त्याने दोन्ही हात माझ्या काखेत घातले आणि बोटं हलवली. मला ती बोटं कळत होती, त्याची नखं वाढलीत हेसुद्धा कळत होतं, पण गुदगुल्या काही होईनात. कुणीतरी माझ्या काखेत बटाटे ठेवल्यासारखं वाटत होतं. मी तसं माइकवर सांगितलं. पट्टी काढल्यावर मॅडमनी स्वतःचं एक बोट माझ्या बरगडीला लावलं, तर मी किंचाळून स्टेजवरून खाली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. आपल्याला वाटतं आपण डोळ्यांनी बघतो. खरं तर मेंदू आधी अंदाज बांधतो, समोर काय असेल त्याचं चित्र रंगवून टाकतो, आणि डोळे, कान, कातडी फक्त चुका कळवतात: इथे भिंत नाही, तिथे कुत्रा आहे. पट्टी ध्वनीच्या बारीक ठोक्यांनी हे चुकांचे निरोप दाबून ठेवते. मग मेंदूचा अंदाज मोकाट सुटतो. समोरच्या खेळाडूने फक्त एक शब्द निवडायचा, 'पाणी' किंवा 'घर'. बाकीचा चकवा आपला मेंदू आपणच रंगवतो.

"आणि स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?" मॅडमनी हॉलला विचारलं. "कारण आपला हात कुठे जाणार हे लहान मेंदूला आधीच माहीत असतं. तो ती जाणीव तिथल्या तिथे पुसतो. चकव्यातला माणूसही तूच बनवलेला. त्याचा हात म्हणजे तुझाच हात. म्हणजे पोरींनो, चकवा तुम्हाला काहीही दाखवेल, पण दचकवू शकणार नाही. त्याला जे माहीत आहे ते सगळं तुम्हाला आधीच माहीत आहे."

जाताना त्यांनी मला त्यांचा नंबर दिला आणि असले प्रश्न आणखी आले तर पाठवत जा म्हणाल्या. आफरीनने त्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं. मी बांधावर बसून कुठं कोरडं राहिलंय ते दाखवलं.

लीगमध्ये आम्ही जोडीने उतरलो. खेळ सोपा आहे. दोघी विरुद्ध दोघी, प्रत्येकीच्या कमरेला मागे लाल फडकं खोचलेलं. समोरच्या दोघींची फडकी जी जोडी आधी ओढेल ती जिंकली. मध्येच चकवा टाकायचा, समोरची भ्रमात गेली की जाऊन फडकं काढायचं. जी जोडी जिल्हा जिंकेल तिच्यातल्या एकीला पुण्याच्या निंजा अकादमीत अकरावी-बारावी, राहणं-खाणं-शिकणं सगळं त्यांच्याकडे. कोण जाणार ते जोडीने ठरवायचं. आमच्यात मी जाणार हे ठरलं होतं. कधी ठरलं ते आठवत नाही. मीच ठरवलं असणार, कारण बोलायचं काम माझ्याकडे असतं.

अडचण होती आई. आई एसटीत कंडक्टर आहे. गाड्या विजेवर आल्या, तिकिटं चेहरा बघून आपोआप कापली जायला लागली, तरी "चला, मागं सरका" हे अजून कुठल्या यंत्राला जमलेलं नाही, त्यामुळे आई आहे. आईने माझ्यासाठी लातूरच्या होस्टेलात जागा सांगून ठेवली होती. दहावी झाली की लातूर, क्लास, मेडिकल. आईने ठरवलेलं बदललेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्यामुळे पुण्याचं मी घरी बोललेच नाही. आधी जिंकायचं, मग भांडायचं, असं ठरवलं, आणि भांडणाची तयारी मात्र तेव्हापासूनच सुरू केली. आई समोर नसली की ओट्यावरच्या कुकरला आई समजायचं आणि एकेक मुद्दा मांडायचा. कुकरची शिट्टी झाली की तो आईचा आक्षेप. मी प्रत्येक शिट्टीला उत्तर दिलं. भात कितीदा करपला ते सोडा.

पहिला सामना शेजारच्या वाशीच्या जोडीशी झाला. त्यांनी माझ्यावर 'पाणी' टाकलं. बघता बघता मैदानाला पूर आला. मी घाबरून हात मारायला लागले. प्रेक्षकांना काय दिसत होतं ते मी नंतर व्हिडिओत पाहिलं: निंजाच्या काळ्या वेषातली एक मुलगी मातीत पालथी पडून जीव तोडून पोहतेय. स्वतःला चिमटे काढायला लीगमध्ये बंदी, कारण सरावातच पोरींचे दंड निळे झाले होते. बोटं जुळवून पाहिली, तर बोटं जुळवल्यावर पोहता येईना.

तेवढ्यात काखेत काहीतरी वळवळलं आणि मी फुटले. इतकी हसले की पूर गेला. वर आफरीनचं तोंड दिसलं. ती गंभीरपणे म्हणाली, "ऊठ, माती खाऊन झाली असेल तर."

 पंचांनी नियम चाळले, गुदगुल्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. आम्ही तो सामना जिंकलो, पुढचाही, आणि मग सगळ्या जिल्ह्यानेच ते उचललं. कळंब, उमरगा, सगळीकडे निंजा एकमेकींच्या काखेत हात घालून धावताहेत. गावातही लोण आलं. समोरचा माणूस खरा की चकवा हे तपासायला बाजारात कुणीही कुणालाही बोट लावायला लागलं. मी भट्टीवर जाऊन पप्पांना बोट लावलं. पप्पा खवा बनवतात. कढई सौर यंत्रावर आपोआप फिरते, पण पप्पा खवा हलवायचा लाकडी सराटा हातातून सोडत नाहीत. बोट लागल्यावर मात्र सुटला, थेट कढईत. त्या दिवशीच्या खव्याला लाकडाचा वास आला आणि गिऱ्हाइकाने तो जास्त खमंग म्हणून नेला.

या सगळ्यात चकव्यात सगळ्यात जास्त मी अडकायचे. आफरीनवर चकवा चालायचाच नाही. तिच्यावर भूत टाकलं तर ती भुताला म्हणाली, बाजूला हो, ऊन येऊ दे. तिला मुळात कशावरच विश्वास बसत नाही, दुकानदाराने बरोबर हिशेब दिला तरी ती तो परत करायला लावते. मी मॅडमना विचारलं की मलाच का. त्यांचा निरोप आला: तुझा मेंदू फार रंगवतो. मी आणखी विचारलं, तर माझ्या प्रश्नाला त्यांनी तीन नवे प्रश्न जोडून पाठवले. लहान बाळाला चकवा लागेल का? आंधळ्या माणसाला कसला लागेल? स्वप्नात गुदगुल्या होतात का? मी सामन्याचा सराव सोडून शेजारच्या बाळाचे पाय तपासत बसायचे. एकदा विचारलं की हे सगळं तुम्ही शिकलात कुठं. त्या म्हणाल्या, लातूरला. होस्टेलच्या वरणात डाळ शोधत जीवशास्त्र वाचलं, तिथूनच मेंदूचं वेड लागलं. हा निरोप मी लगेच पुसला. शत्रूच्या, म्हणजे आईच्या, हाती असलं काही लागायला नको होतं.

अंतिम सामन्याआधी घोटाळा झाला. कळंबच्या एका पोरीला गुदगुल्यांनी हसून हसून उचकी लागली आणि ती थांबेचना. तिला दवाखान्यात नेईपर्यंत ती हसतच होती. लीगने नियम काढला: अंतिम सामन्यात जोडीदाराला हात लावायचा नाही. चकवा ज्याचा त्याने तोडायचा.

म्हणजे आता आफरीन मला बाहेर काढू शकणार नव्हती. पप्पांना मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं की खरा चकवा, शेतातला, लागला तर लोक काय करायचे. पप्पा कढईकडे बघत म्हणाले, "माणूस बांधावरच गोल गोल फिरत राहायचा. मग आहे तिथं खाली बसायचं. हलायचं नाही."

"त्याने काय व्हायचं?"

"मला काय विचारतीस, चकव्याला विचार."

सामना धाराशिवला होता, परंड्याच्या दोघी जुळ्या बहिणींशी. आईपप्पांना मी फक्त जिल्ह्याचा सामना आहे एवढंच सांगितलं होतं. पप्पा भट्टी सोडून येणार नव्हते, आईची ड्युटी होती. बरंच झालं, असं मला वाटलं.

सुरुवात झकास झाली. आफरीनने एकीचं फडकं काढलं, पण रेषेबाहेर पाय पडून तीही बाद झाली. आता मैदानात मी एकटी आणि समोर दुसरी. तिने मनगटावरचं बटण दाबलं. शब्द होता 'घर'.

मैदानाच्या मधल्या रेषेवर आई उभी होती. खाकी ड्रेस, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. ती म्हणाली, "लातूरला जायचं म्हणजे जायचं."

समोर सामना आहे हे मी विसरले. मी पहिला मुद्दा मांडला. आई म्हणाली, पुण्यात कोण बघणार तुला. मी दुसरा मांडला. आई म्हणाली, निंजा होऊन पोट भरतं का. मी तिसरा मांडला, कुकरसमोर घोटून घोटून गुळगुळीत केलेला. आईने मान हलवली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

मी चौथा मांडला. "तेही बरोबर आहे," आई म्हणाली.

इथे काहीतरी चुकत होतं. मी आईशी वाद जिंकत होते. हे जगात कुणाला जमलेलं नाही. सुट्ट्या पैशांवरून अख्खी गाडी एका बाजूला असायची तेव्हासुद्धा जमलं नव्हतं. म्हणजे ही आई खोटी. ती तेच बोलत होती जे मी तिच्या तोंडी घातलं होतं.

पण चकवा आहे हे कळणं वेगळं आणि चकव्यातून सुटणं वेगळं. पाण्यात काठी वाकडी दिसते, ती सरळ आहे हे माहीत असलं तरी वाकडीच दिसते, तसं. मी बोटं जुळवली. श्वास रोखला. आई म्हणाली, "श्वास रोखलास, छान केलंस." मला रडू यायला लागलं. ती परंड्याची पोरगी कुठल्याही क्षणी येऊन फडकं नेणार, आणि पुणं गेलं.

मग मी खाली बसले. पप्पांचं ऐकून म्हणा किंवा पाय थकले म्हणून म्हणा. पण बसताना शरीर आपोआप खो-खोच्या बैठकीत गेलं: एक पाय पुढे, हाताची बोटं जमिनीला, नजर समोर, पाठ उघडी. फडकं टाचेखाली दाबलं गेलं. त्या बैठकीत पाठीला एकच काम असतं, वाट बघायचं. खो कधी येईल हे बसणारीला कधीच माहीत नसतं. आफरीनचा हात आज येणार नव्हता. तरी पाठ वाट बघत राहिली.

आणि मागून आवाज आला.

"ओ शिट्टीवाले, ती पोरगी मघापासून रेषेवर पाय द्यायलीय, तुमचं लक्ष कुठाय? माझ्या लेकीला पुण्याला जायचंय, जरा नीट बघा की."

समोरची आई ऐकत उभी होती. तिचं तोंड बंद होतं. मागचा आवाज आईचाच होता, आणि त्यातलं एकही वाक्य माझ्या डोक्यातलं नव्हतं. पुण्याचं आईला माहीत? आणि जायचंय, असं ती ओरडून सांगतेय, पंचांना, सगळ्या धाराशिवसमोर?

पाठीत खो बसावा तशी मी उठले. उठताना घर, आई, रेषा, सगळं विस्कटलं. माझ्या कमरेपाशी वाकलेला एक हात दिसला. मी हूल दिली, डावीकडे जाते असं दाखवून उजवीकडून गेले, आणि तिचं फडकं ओढून घेतलं. प्रेक्षकांत खाकी ड्रेसमधली आई उभी होती, पंचांशी अजून भांडत. सामना संपलाय हे तिला पप्पांनी दंडाला धरून सांगितलं. पप्पाही आले होते. खव्याचा वास मला मैदानापर्यंत आला.

परत येताना आम्ही आईच्याच गाडीने आलो; तिने त्या दिवशी धाराशिवची फेरी मागून घेतली होती. आई प्रवाशांना मागं सरकवत मध्येच येऊन बोलून जायची, त्यामुळे ते बोलणं तुकड्यातुकड्यांनी झालं. पुण्याचं तिला आफरीनच्या अम्मीने कधीच सांगितलं होतं, याच गाडीत. लातूरची जागा तिने लगेच सोडून दिली होती. पप्पा ओळखीच्या प्रत्येकाला पेढे द्यायला तयार बसले होते, फक्त मी घरी सांगायची वाट बघत होते.

"मग मला बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

आई मागचे दोन प्रवासी सरकवून परत आली. "म्हणाले होते का मी कधी?" ती म्हणाली. "विचारलंस तू? दोन महिने त्या कुकरशी भांडायलीस. मला वाटलं पोरीला नाटकात घेतलंय."

मी खिडकीकडे तोंड केलं. मैदानावरचा चकवा काही क्षणांचा होता. घरातला मी स्वतः बांधला होता, कपाळाला पट्टीबिट्टी न लावता, आणि त्यातल्या आईशी रोज दोन हात करत होते. खरी आई तोवर शेजारच्या खोलीत शेंगा सोलत बसलेली असायची.

आता गंमत बघा. भांडायला कुणी उरलंच नाही, आणि मग पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की मला पुण्याला जायचंय का? इतके मुद्दे पाठ होते, पण ते सगळे आईला उत्तर म्हणून होते. सामना जिंकल्यावर मला जे वाटलं ते चांगलंच होतं, पण पाठीतून तो आवाज घुसला तेव्हा नेमकं काय झालं, हात न लावता खो कसा बसला, हे मॅडमना कधी विचारते असं मला त्याहून जास्त झालं होतं. गाडीतूनच विचारलं. मॅडमचा निरोप आला की उत्तर त्यांनाही माहीत नाही, आणि पुढे हसणारा चेहरा.

या वेळी मी अंदाज बांधला नाही. दुसऱ्या दिवशी आफरीनला मैदानावर गाठलं. ती पाणी मारत होती. मी विचारलं, "पुण्याला तुला जायचंय का?"

तिने पाइप खाली ठेवला. मला वाटलं रडेल, किंवा नको नको म्हणेल.

"बॅग कधीच भरलीय," ती म्हणाली. "तू विचारायचीच खोटी होती. चकव्यात तू अडकणार, बाहेर मी काढणार आणि पुण्याला जाणार तू. म्हटलं, बघू हिला कधी कळतंय."

मी तिला मिठी मारायला गेले, तर तिने काखेत बोटं घातली. आम्ही दोघी चिखलात पडलो. मग पाइप मी घेतला आणि उरलेलं मैदान मी भिजवलं.

घरी आले तेव्हा ओट्यावर कुकर होता, कुकरशेजारी खरी आई होती, आणि पप्पा पेढ्यांच्या खोक्यांना 'पुणे' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. माझे कपडे चिखलाने भरलेले बघून आईने हातातली पळी खाली ठेवली. ती काय म्हणेल याचा मी विचार केला नाही. कुकरची शिट्टी होऊ दिली, आणि मग खो देताना ओरडते तसं मोठ्याने सांगितलं:

"आई, पप्पा, पुण्याला आफरीन जातेय. मी लातूरला जाणार, मला मेंदूचं शिकायचंय. ती सोडलेली जागा परत मिळते का बघ."